गंगीच्या घड्याचे काय झाले?

आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी संध्याकाळी वाचन चालते. पंधरा-वीस माणसे जमतात. कॉलेजात जाणारी मुले-मुली असतात, दोन-तीन शिक्षक असतात, कामावरून परस्पर आलेले काही जण असतात आणि आजूबाजूच्या घरांतल्या बायका असतात. मी आयुष्यभर हिंदी शिकवले. त्यामुळे हिंदीतले काही वाचायचे ठरले की ते काम माझ्याकडे येते. मागच्या पावसाळ्यात मी प्रेमचंदांची 'ठाकूर का कुआँ' ही कथा घेतली. १९३२ सालची ही कथा मी वर्गात पंचवीस वेळा तरी शिकवली असेल. कथानक, पात्रचित्रण, वातावरण, शेवट, उद्देश असे परीक्षेला लागणारे सारे मला पाठ आहे.

कथा लहान आहे. जोखू आजारी आहे. त्याच्या तोंडाला लावलेल्या पाण्याला घाण येते, कारण विहिरीत कुठले तरी जनावर पडून मेले आहे. गंगी, त्याची बायको, ते पाणी त्याला पिऊ देत नाही. दुसरी विहीर ठाकुराची आणि तिसरी सावकाराची. तिथे यांना मज्जाव. रात्री नऊच्या सुमारास गंगी घडा आणि दोर घेऊन ठाकुराच्या विहिरीवर जाते. झाडाच्या अंधारात दडून राहते. विहिरीवरची माणसे निघून गेल्यावर घडा आत सोडते, भराभर ओढते. घडा विहिरीच्या तोंडाशी येतो, ती वाकून त्याला धरणार, एवढ्यात ठाकुराच्या घराचे दार उघडते. गंगीच्या हातून दोर सुटतो. दोरासकट घडा पाण्यात पडतो. ती जीव घेऊन पळते. घरी येऊन पाहते तो जोखू तेच घाण पाणी पीत आहे.

मी पुस्तक मिटले आणि नेहमीप्रमाणे शेवटाच्या परिणामाबद्दल बोलायला लागलो. तेव्हा बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी म्हणाली, "सर, दोर आणि घडा विहिरीतच राहिले ना? मग सकाळी काय झालं?"

मी म्हणालो, "कथा तिथे संपते."

ती म्हणाली, "कथा संपली सर, पण घडा आहे ना तिथं."

यावर मागे भिंतीला टेकून बसलेली एक आजी बोलली. "घागर कुनाची हाय ते बघितल्याबरुबर वळखू येतंय लेकरा. रातच्याला आपली घागर त्यांच्या हिरीत पडली, म्हंजी सकाळी समदी वस्ती भोगणार. त्या बाईला एकटीला न्हाई मारायचे."

पंचवीस वर्गांत मला कधी कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. खरे सांगायचे तर तो मलाही पडला नव्हता. मी त्याच समाजातून आलेला माणूस. पण कथा वाचायची कशी ते मी विद्यापीठात शिकलो होतो. शेवट हा शेवट असतो, त्याच्यापुढे समीक्षकाने जाऊ नये, हा त्या शिक्षणाचा पहिला नियम. कलाकृती स्वायत्त असते असे आपले सौंदर्यवादी समीक्षक सांगत आले आहेत. त्यांच्या मते मुलीचा प्रश्न कलाकृतीच्या बाहेरचा ठरेल. मला तो कलाकृतीच्या अगदी आतला वाटतो. घडा विहिरीत मुलीने टाकला नाही. तो प्रेमचंदांनी टाकला आहे आणि तिथेच ठेवला आहे. लेखकाने जी वस्तू कथेत मागे ठेवली तिचे पुढे काय झाले, असे विचारण्याचा अधिकार वाचकाला आहे.

या प्रश्नाच्या मागे जाता जाता मला जे दिसले ते इथे मांडतो. अभिजात म्हणून मान्य झालेल्या लेखनात आपली माणसे पुष्कळदा एकेकटी येतात. ती तशी येतात, याला लेखकाची दया किंवा निर्दयता जबाबदार नसते. ते कथनाचे तंत्र असते. त्या तंत्रामुळे वाचकाच्या मनावर आपल्या जगण्याचा एकच अर्थ ठसतो. तो अर्थ असतो असहायता.

आधी प्रेमचंदांना त्यांचे श्रेय दिले पाहिजे. विहिरीजवळ दडून बसलेल्या गंगीला त्यांनी जे विचार दिले आहेत, ते त्या काळच्या सवर्ण लेखकाने लिहिलेले फार धारदार विचार आहेत. आम्ही नीच का आणि हे उच्च का, असे ती मनाशी विचारते. गळ्यात एक दोरा घातला म्हणून? मग ती एकेकाचा हिशेब मांडते. ठाकुराने धनगराची मेंढी चोरून खाल्ली. पंडिताच्या घरी बारमाही जुगार चालतो. साहू तुपात तेल मिसळतो. यात दयेची याचना कुठेही नाही. हा जातिव्यवस्थेच्या नीतीवर ठेवलेला आरोप आहे. त्याच वेळी विहिरीवर दोन सवर्ण बायका येतात आणि पुरुष आपल्यावर कसे हुकूम सोडतात, याची कुरकुर करतात. पाण्यावर हक्क असलेल्या बायकांनाही घरात गुलामीच आहे, हे प्रेमचंद चार-सहा वाक्यांच्या संवादात दाखवतात. हे कौशल्य नाकारण्यात अर्थ नाही.

परंतु गंगीला विचार देणारा लेखक तिला सोबत देत नाही. वस्तीतली एकही बाई तिच्याबरोबर नाही. निघताना ती कुणाच्या दारात थांबत नाही, कुणाला हाक मारत नाही. वस्तीचा उल्लेख येतो तो मारहाणीची आठवण म्हणून. महँगूने वेठ नाकारली म्हणून त्याला इतके मारले की तो महिनोन् महिने रक्त थुंकत होता, एवढाच. आणखी एक गोष्ट पाहा. ज्या विहिरीत जनावर मेले, त्या विहिरीचे पाणी जोखूच्या घरी येते तसे वस्तीतल्या इतर घरांतही जात असणार. म्हणजे ही आपत्ती साऱ्या वस्तीची आहे. तरी कथेत ती एका नवरा-बायकोची होऊन बसते. एकटी बाई, काळोख, अचानक उघडणारे दार, हातून सुटणारा दोर अशी ही रचना इतकी घट्ट आहे की घडा पडण्यावाचून दुसरे काही होऊच शकत नाही. वाचक हळहळतो. हळहळून झाले की पुस्तक मिटतो. सकाळचा प्रश्न त्याला पडत नाही, कारण सकाळी कुणाकुणाच्या दारात लाठ्या येणार ती घरे त्याला दाखवलेलीच नाहीत.

काही जण म्हणतील की १९३२ साली उत्तर प्रदेशातल्या खेड्यात हेच वास्तव होते. प्रेमचंदांनी नसलेली एकजूट कुठून आणायची? या आक्षेपाचा गंभीरपणे विचार केला पाहिजे. त्याचे एक उत्तर त्याच हिंदी प्रदेशात आहे. सप्टेंबर १९१४ मध्ये 'सरस्वती' मासिकात हिरा डोम यांची 'अछूत की शिकायत' ही भोजपुरी कविता छापली गेली. 'ठाकूर का कुआँ'च्या अठरा वर्षे आधी. आपल्याला विहिरीच्या जवळ जाता येत नाही, चिखलातले पाणी भरून प्यावे लागते, हे गाऱ्हाणे त्या कवितेत आहे. विषय तोच. पण त्या कवितेतला बोलणारा स्वतःला 'हमनी' म्हणतो, म्हणजे 'आम्ही'. शिकल्यासवरल्या हिंदी साहित्याच्या दारात पहिल्यांदा उभा राहताना तो एकटा आला नाही, सगळ्यांना घेऊन आला. आपले दुःख अनेकवचनी आहे याची जाण त्याला १९१४ सालीच होती.

दुसरे उत्तर खुद्द प्रेमचंदांनीच दिले आहे. त्यांची 'सद्गती' ही कथा अनेकांना सत्यजित राय यांच्या १९८१ सालच्या चित्रपटामुळे माहीत आहे. ओम पुरींचा दुखी, स्मिता पाटलांची झुरिया आणि मोहन आगाशे यांचा पंडित घासीराम आपल्याकडे अनेकांनी पाहिला आहे. मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त काढून घ्यायला गेलेला दुखी चांभार उपाशीपोटी पंडिताची लाकडे फोडता फोडता मरतो. तिथला गोंड चांभारवाड्यात जाऊन सांगतो की प्रेत उचलू नका, पोलिसांची चौकशी होईल. मग पंडित बोलवायला आला तरी एकही जण प्रेत उचलायला उठत नाही. आणि इथे प्रेमचंद एक विलक्षण गोष्ट लिहून जातात. ब्राह्मणांच्या विहिरीची वाट त्या प्रेताजवळूनच जाते. चांभाराच्या प्रेताशेजारून जाऊन पाणी कसे भरायचे? गावातल्या ब्राह्मणांचे पाणी अडते!

मी या प्रसंगाला प्रेमचंदांच्या दलितविषयक लेखनातला सर्वात मोठा क्षण मानतो. जिवंतपणी ज्याला पाणी अडवले, त्याच्या प्रेताने पाणी अडवावे! हे घडले कशामुळे? चांभारवाडा घरात बसून राहिला म्हणून. कुणी घोषणा दिल्या नाहीत, कुणी भाषण केले नाही. फक्त कुणी उठले नाही. वस्ती कथेत आली आणि तिने केवळ नकार दिला, तरी सारे गाव कोंडीत सापडले. शेवटी पंडित पहाटे प्रेताच्या पायात दोराचा फास अडकवून ते ओढत गावाबाहेर नेतो आणि घरी येऊन शुद्ध होतो. म्हणजे शेवट पराभवाचाच आहे. पण तो 'ठाकूर का कुआँ'सारखा बंद नाही. ठाकुराच्या विहिरीत सुटलेला दोर गंगीची असहायता सांगतो. पंडिताच्या हातातला दोर पंडिताचीच अडचण उघडी करतो. लेखक एकच, काळ जवळपास एकच, विषय एकच. फरक वस्ती कथेत आल्याने किंवा न आल्याने पडला.

तीच कसोटी 'कफन'ला लावून पाहा. या कथेवर हिंदीतल्या दलित लेखकांनी कडाडून टीका केली आहे. चांभार बाप-लेकाला आळशी आणि निर्दय दाखवले, हा मुख्य आक्षेप. मला त्याहून महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळी आहे. घीसू आणि माधव बाहेर शेकोटीत बटाटे भाजून खातात आणि आत बुधिया बाळंतवेणांनी तडफडून मरते. घीसूच्या मनात काय चालले आहे ते निवेदकाला ठाऊक आहे. राबणाऱ्यांची दशा न राबणाऱ्यांहून बरी नाही, अशा समाजात घीसूसारखी वृत्ती तयार होणे नवलाचे नाही, असे मार्मिक भाष्यही तो करतो. पण निवेदक स्वतः झोपडीत जात नाही. तोही बाप-लेकांसारखा दाराबाहेरच बसून राहतो. बुधियाच्या वाट्याला फक्त कण्हणे आहे, एक शब्दही नाही. गावच्या बायका येतात त्या ती मेल्यावर, प्रेत पाहायला. उत्तरेकडच्या खेड्यापाड्यांत सुईणपण करणाऱ्या बायका परंपरेने याच जातीच्या. त्यांनी साऱ्या गावाची बाळंतपणे केली. त्यांच्याच वस्तीत बाळंतीण रात्रभर एकटी ओरडत पडते आणि एकही शेजारीण येत नाही, हे खेडे पाहिलेल्या माणसाच्या गळी उतरत नाही. इथेही वस्ती कथेतून काढून टाकली आहे. ती काढली नसती तर कथा उभीच राहिली नसती.

हे सगळे प्रेमचंदांना खाली खेचण्यासाठी मी लिहीत नाही. २००४ साली दिल्लीत 'रंगभूमी'च्या प्रती जाळल्या गेल्या, तेव्हा आमच्याकडच्या काही तरुणांनी मला विचारले होते की मनुस्मृती जाळली ती चालते, मग ही का नको? मी त्यांना सांगितले की २५ डिसेंबर १९२७ ला महाडात जाळला गेला तो कायदा होता. तो माणसांना आज्ञा करत होता आणि माणसे ती पाळत होती. कादंबरी आज्ञा करत नाही, ती दाखवते. जे दाखवते त्याच्याशी भांडायचे तर ते नीट वाचावे लागते. जाळण्यापेक्षा हे काम जास्त कष्टाचे आहे.

आता विहिरीवरचा दुसरा प्रसंग पाहू. मुल्कराज आनंद यांची 'अनटचेबल' ही इंग्रजी कादंबरी १९३५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. ई. एम. फॉर्स्टर यांची तिला प्रस्तावना आहे. बखा नावाच्या तरुण भंग्याचा एक दिवस, एवढीच तिची काळमर्यादा. त्यात बखाची बहीण सोहिनी विहिरीवर जाते. गंगी निदान घडा विहिरीत सोडते. सोहिनीला तेही शक्य नाही. चौथऱ्यावर चढायची मनाई, म्हणून ती आणि तिच्यासारखे इतर खाली थांबतात. कुणी वरच्या जातीचा येऊन पाणी वाढील तेव्हा पाणी. शेवटी पंडित कालीनाथ येतो. त्याला बद्धकोष्ठाचा त्रास आहे. पाणी ओढण्याच्या व्यायामाने पोट मोकळे होईल, असा त्याचा हिशेब आहे. सवर्णांचे दातृत्व कशातून जन्मते, हे इतक्या निर्भीडपणे दुसऱ्या कुणी दाखवलेले मी वाचलेले नाही. तोच पंडित सोहिनीला देवळाचे अंगण झाडायला बोलावतो, तिच्या अंगाला हात घालतो आणि ती ओरडताच आपणच बाटलो अशी बोंब ठोकतो.

कादंबरीचे तंत्र मोठे प्रभावी आहे. एका दिवसात, एका माणसाच्या जाणिवेतून, जातीची सारी यंत्रणा उलगडते. परंतु सोहिनीवर गुदरलेला प्रसंग आपण सोहिनीच्या मनातून जगत नाही. ती तो बखाला सांगते आणि मग संताप बखाचा, तळमळ बखाची, उठलेला आणि पुन्हा खाली आलेला हात बखाचा. बहिणीची जखम भावाच्या मानसिक संघर्षाचे साधन बनते. सोहिनी घरी जाते आणि कादंबरीतून जवळजवळ नाहीशी होते. खाली थांबलेल्या त्या घोळक्यालाही आनंदांनी एकमेकांत भांडताना दाखवले आहे. गुलाबो धोबीण सोहिनीला शिव्या घालते. उतरंडीतली पायरी खालच्यांनाही कशी आपसांत तोडते हे खरेच आहे, ते लपवण्याचे कारण नाही. पण त्या घोळक्याला दुसरे काही करताना कादंबरी दाखवत नाही.

म्हणून शेवटी बखाला वाटा सांगायला बाहेरचे लोक यावे लागतात. एक वाट ख्रिस्ती मिशनरी सांगतो, दुसरी गांधीजींच्या सभेतून येते, तिसरी एक कवी सांगतो. मैला वाहून नेणारे यंत्र आले की अस्पृश्यता जाईल, असे त्या कवीचे म्हणणे. बखा ऐकतो. बोलत नाही. १९३५ च्या आधी आठ वर्षे, महाडला, अस्पृश्यांनी आपली वाट आपणच चालून दाखवली होती. कादंबरीतल्या तीन वाटांत ती चौथी वाट नाही.

महाडचा तपशील आपल्या वाचकांना ठाऊक आहे. तरी या संदर्भात तो पुन्हा वाचला पाहिजे. सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई विधिमंडळात मंजूर झाला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. कागदावर पाणी मोकळे झाले होते. ते घ्यायला कुणी एकटा गेला असता तर त्याची गंगी झाली असती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांच्या मागे हजारो माणसे रांगेने तळ्यावर गेली आणि पाणी प्याली. नंतर काय झाले? माणसे गावभर गाठून मारली गेली. तळे बाटले म्हणून शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या एकशे आठ घागरी तळ्यात ओतून ते 'शुद्ध' केले गेले. प्रकरण न्यायालयात गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १७ मार्च १९३७ उजाडला.

आमच्या वाचनातल्या मुलीने विचारलेल्या 'सकाळी काय झालं?' या प्रश्नाचे उत्तर हेच आहे. सकाळी मार झाला, शुद्धी झाली आणि दहा वर्षे खटला चालला. एकजूट म्हणजे लगेच विजय, असे मी म्हणत नाही. तसे लिहिणारे साहित्य प्रचारकी होते आणि खोटेही. माझे म्हणणे एवढेच की अनेकांनी केलेल्या कृतीला दुसरा दिवस असतो. एकटीच्या कृतीला साहित्यात फक्त शेवट असतो.

मराठी दलित साहित्याने निवेदनात जो बदल केला तो या दृष्टीने पाहायला हवा. बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ साली आला. शीर्षककथेतला 'मी' गुजरातेत रेल्वेच्या नोकरीवर जातो, डोके टेकायला जागा मिळावी म्हणून जात लपवतो आणि कळल्यावर मार खातो. इथे दलित पात्र 'तो' राहिलेले नाही, ते 'मी' झाले आहे. त्याचे मोठेपण आपण पुष्कळ सांगितले आहे. मला आणखी एक जाणवते. जात चोरणे म्हणजे स्वतःच्या माणसांपासून तुटणे, हे बागुलांनी ओळखले होते. जात चोरलेला 'मी' त्या परक्या घरात गंगीइतकाच एकटा आहे आणि त्याला मारातून सोडवायला येतो तो दुसरा दलितच, काशिनाथ. मार एकट्याला पडतो, सुटका दोघांमिळून होते.

पुढची पायरी बेबीताई कांबळे यांनी गाठली. 'जिणं आमुचं' १९८२ साली 'स्त्री' मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ साली पुस्तकरूपाने निघाले. वर्षानुवर्षे लपवून ठेवलेले ते लेखन. आत्मकथन म्हणावे तर शीर्षकातच 'आमुचं'. लाकडाच्या मोळ्या विकायला जाणाऱ्या बायकांना ब्राह्मण आळीत काय ऐकावे लागे, लाकडाला बाईच्या लुगड्याचा एखादा धागा चिकटून घर बाटू नये म्हणून त्यांना काड्या न् काड्या कशा तपासाव्या लागत, हे त्या लिहितात, तेव्हा ते एका बाईचे दुःख म्हणून येत नाही. त्या साऱ्या बायका वाक्यात उभ्या असतात. महारवाड्यातली अंधश्रद्धा, सासूने सुनेला छळणे, नवऱ्याची मारहाण हेही त्या 'आम्ही' या शब्दाखालीच लिहितात. हे 'आम्ही' स्वतःला सोडवून घेत नाही. हिरा डोमच्या 'हमनी'ची ही थोरली लेक आहे. दलित साहित्याने मराठीला काय दिले असे विचारले तर लोक शिव्या, बोली, उकिरडा यांची नावे घेतात. मी म्हणेन, त्याने वस्तीला वाक्याचा कर्ता केले.

मला हे पटायला माझ्या आईची आठवणही कारण आहे. १९७२ च्या दुष्काळात मी आठ-नऊ वर्षांचा होतो. आमच्या वाड्याची विहीर आटली आणि गावविहिरीच्या खालच्या बाजूला घागरी मांडून बसायची पाळी आली. आई कधीच एकटी गेली नाही. चार-पाच जणी मिळून जायच्या आणि वाटेने मोठ्याने बोलत जायच्या. एका दुपारी वाढायला कुणी येईना. तेव्हा आमची चुलती उठली आणि वर चढली. बाकीच्या जणी तिच्याभोवती उभ्या राहिल्या. तिने पाचही घागरी भरल्या. दुसऱ्या दिवशी गावाने वाड्याला काम न देण्याचे ठरवले. पण त्या वर्षी शेतांत काम होतेच कुठे? सारी वस्ती सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडत होती. मजुरी तिथे मिळत होती, सुकडी तिथे मिळत होती. गावाचा बहिष्कार पंधरा दिवसांत विरून गेला.

यात शौर्यकथा नाही. त्या बायकांना एकीचे बळ ठाऊक होते, आणि त्या वर्षी त्यांची भाकरी गावाच्या हातात नव्हती. गंगीची भाकरी ठाकुराच्या हातात होती. हा फरक समीक्षेने विसरता कामा नये. पण भीती जितकी मोठी, तितके माणूस एकटे जायचे टाळते, हेही खरे आहे. म्हणूनच मला आता वाटते की गंगीचे एकटेपण केवळ वास्तवातून आलेले नाही, ते लेखकाच्या निवडीतूनही आले आहे.

हिंदीत बराच काळ सहानुभूती की स्वानुभूती असा वाद चालला. दलितांबद्दल लिहिण्याचा अधिकार कुणाला, यावर तो अडकून पडला. हा वाद एका पावलाने पुढे नेला पाहिजे. कुणी लिहिले हे विचाराच. पण कुणाला वगळून लिहिले, तेही विचारा. आणि हा प्रश्न आपल्यालाही लागू आहे. आपल्या अलीकडच्या काही आत्मकथनांत 'मी' शिकतो, नोकरीला लागतो, शहरात घर घेतो. वस्ती मागे राहते ती फक्त दैन्याचे चित्र म्हणून. त्यात आई रडते, बाप पितो, शेजारी भांडतात. ज्यांनी वर्गणी काढून या 'मी'ला वसतिगृहात पाठवले, ज्यांनी परीक्षेच्या दिवसांत कंदिलाला रॉकेल दिले, ते कुठे आहेत? त्यांना वगळून आपण लिहितो तेव्हा ठाकुराच्या विहिरीवर एकटी बाई पाठवणाऱ्या तंत्राचीच आपण नक्कल करतो. फक्त शेवटी घडा भरलेला दाखवतो, एवढाच फरक.

माझ्या शिक्षकमित्रांना एवढेच सांगायचे आहे. अभिजात कलाकृती वर्गात घ्या, टाळू नका. पात्रचित्रण आणि वातावरण सांगून झाले की मुलांना विचारा, हे माणूस एकटे का आहे? याच्या शेजारी कोण राहत असेल? कथा कुठल्या दाराबाहेर थांबली? आणि शेवटच्या ओळीनंतर काय उरले आहे? उत्तरे तुमच्यापेक्षा चांगली येतील, असा माझा अनुभव आहे.

त्या रविवारी वाचन उशिरापर्यंत चालले. आजी निघताना मला म्हणाली, "मास्तर, त्या बाईनं शेजारणीला हाक माराया पायजे व्हती." मी म्हणालो, "लेखकाने तिला शेजारीण दिली नाही, आजी." ती म्हणाली, "मग तुम्ही शिकिवताना द्या की."

पंचवीस वर्षे मी ती दिली नव्हती.